नाकाची डागडुजी

माझ्या भाचीचे नाक डावीकडे झुकलेले आहे, हे तिने स्वतः दाखवून देईपर्यंत घरात कुणाच्याही लक्षात आले नव्हते. तिच्या आईच्याही नाही. गेल्या वर्षी आषाढात ती माझ्याकडे आली, खिडकीजवळ उभी राहिली, आणि म्हणाली, "मावशी, नीट बघ. भुवयांच्या मधून सरळ रेघ खाली आण." मी आणली. रेघ नाकाच्या शेंड्याच्या उजवीकडून गेली. आठवीत असताना ती सायकलवरून तोंडावर पडली होती, त्याची ही खूण. त्या वेळी रक्त थांबवले, बर्फ लावला, आणि दोन दिवसांनी पोरगी शाळेत गेली. पुढे ऑफिसचे काम घरून सुरू झाले, रोज तास-तास पडद्यावर स्वतःचाच चेहरा समोर आला, आणि चौदा वर्षांनी तिला ते वाकडेपण दिसले. त्यातून डिसेंबरात लग्न ठरलेले. एका ब्यूटी क्लिनिकमध्ये तिला सांगितले होते की अर्ध्या तासात इंजेक्शनने नाक सरळ करून देऊ, जेवणाच्या सुट्टीत येऊन जा.

मी डॉक्टर नाही. पण तिला काय सांगावे हे कळेना, म्हणून वाचू लागले. आणि वाचता वाचता ज्या गावात आमचे हे बोलणे चालले होते त्याच गावात, पुण्यात, येऊन पोचले.

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' अशा आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र छापून आले. त्यात कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाची हकीकत आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो इंग्रज फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने, म्हणजे बहुधा आपल्याकडच्या कुंभाराने, त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे पत्रात म्हटले आहे. (कावसजी हे नाव पारशी वाटते, पण पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट आहे. मूळ नाव कावजी असावे आणि इंग्रज कानाने त्याचे कावसजी केले असावे, हा माझा तर्क.) पुण्याच्या दरबाराशी संबंध आलेला चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले, आणि त्यावरून केलेली छपाई पत्रासोबत गेली. डोक्याला फेटा, कपाळावर मोठा व्रण, आणि मधोमध नवे नाक.

कृती अशी. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन उरलेल्या खुंटावर नाकाचा आकार बसवून बघायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कपाळाची कातडी सोलून काढायची, मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. खुंटावरचा जुना व्रण तासून तिथे खाच पाडायची, सोललेली कातडी अर्धी पिळून खाली वळवायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. रोग्याने पाच-सहा दिवस उताणेच पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकायची.

यातली सगळी करामत त्या जोडपट्टीत आहे. कातडी एका जागची उचलून दुसरीकडे नुसती चिकटवली तर ती मरण्याचा धोका मोठा, कारण तिला रक्त पोचत नाही. पट्टी जोडलेली ठेवली की कपाळाकडून येणारे रक्त चालू राहते, आणि तोवर नव्या जागी रक्तवाहिन्या धरतात. मग पट्टीची गरज संपते. आजही कर्करोगाने किंवा अपघाताने नाकाचा मोठा भाग गेला तर सर्जन कपाळाचीच कातडी वळवतात आणि साधारण तीन आठवड्यांनी पट्टी कापतात. कात आणि तूप गेले; वेळापत्रक फारसे बदललेले नाही.

ही सुश्रुताची शस्त्रक्रिया जशीच्या तशी चालत आली, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. ते तितकेसे बरोबर नाही. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घ्यायला सांगितले आहे, आणि कातडी गालाच्या बाजूची घ्यायला. पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. गालाचे कपाळ कुठे आणि कधी झाले, याचा धागा हाती लागत नाही. तो वीटकरी संस्कृत ग्रंथ वाचून हे शिकला असेल असे मला वाटत नाही. हाताचे काम हाताकडून हाताकडे येते तसे ते आले असणार. पण सुश्रुताच्या वर्णनाच्या शेवटी एक सूचना आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. नवे नाक तोकडे पडले तर वाढवावे, आणि मांस जास्त झाले तर ते सारखे करावे, असे तो म्हणतो. म्हणजे गेलेले नाक परत आणून तो थांबत नाही. ते सारखे दिसले पाहिजे, हीसुद्धा वैद्याचीच जबाबदारी.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने ही पद्धत मनावर घेतली, आधी प्रेतांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ती करून पाहिली. पाऱ्याच्या औषधांनी त्याचे नाक झडले होते. भूल देण्याचा शोध अजून तीस वर्षे दूर होता. कार्प्यूने १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले, बर्लिनच्या ग्रेफने १८१८ साली 'ऱ्हायनोप्लास्टिक' नावाचे, आणि तिथून हे शास्त्र युरोपभर गेले. इकडे जुनागढला त्रिभुवनदास मोतीचंद शहा या डॉक्टरांनी १८८९ साली शंभर नाकांच्या अनुभवावर पुस्तिका लिहिली. एका डॉक्टरकडे शंभर नाके! यावरून नाक कापण्याची शिक्षा आणि सूड किती सर्रास चालत असे ते समजते. 'नाक कापले' हा आपल्याकडे वाक्प्रचार उरला आहे, पण तो कुणाच्या तरी चेहऱ्यावरून आला आहे.

इथवर आले तेव्हा भाचीला हे सांगावे की नाही असा मला प्रश्न पडला. कावसजीपुढे तिचे दोन मिलिमीटर म्हणजे काय? "बघ, लोकांची नाकेच नसत," असे म्हणणे सोपे होते. आमच्या पिढीला ते फार सोपे जाते.

ते मी म्हटले नाही, याचे कारण बर्लिनचा जाक योसेफ. हा हाडांचा डॉक्टर. १८९६ साली त्याने एका मुलाचे बाहेर आलेले कान शस्त्रक्रियेने मागे बसवले, आणि निव्वळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया केली म्हणून त्याला नोकरी सोडावी लागली. १८९८ साली त्याच्याकडे एक तरुण आला. नाक धडधाकट, फक्त फार मोठे. लोक बघतात म्हणून त्याने माणसांत जाणे सोडले होते. योसेफने ते नाक लहान केले आणि वैद्यांच्या सभेत मांडणी केली की या माणसाचे दुःख खरे होते आणि ते शस्त्रक्रियेने गेले. योसेफ स्वतः ज्यू होता. त्या काळच्या जर्मनीत नाकावरून माणूस ओळखला जाणे म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होते. त्याआधी अमेरिकेत जॉन रो याने १८८७ साली बसक्या नाकावर आतून, बाहेर व्रण न ठेवता, काम केले होते. पण आज आपण जिला नाकाची कॉस्मेटिक सर्जरी म्हणतो तिचा पाया योसेफने घातला असे मानतात.

तेव्हा भाचीला घेऊन मी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. ते प्लास्टिक सर्जनबरोबर मिळून नाकाची कामे करतात. त्यांनी आधी आरसा बाजूला ठेवायला सांगितला आणि थंड स्टीलची एक पट्टी तिच्या नाकाखाली धरली. उजवीकडे वाफेचा मोठा डाग उमटला, डावीकडे पुसटसा. "रात्री तोंड उघडं ठेवून झोपता का?" त्यांनी विचारले. ती झोपते. आम्हाला वाटे सवय आहे.

आपल्याकडे 'नाकाचे हाड वाढलेय' असे सर्रास म्हणतात. सहसा काही वाढलेले नसते. नाकाच्या दोन पुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो, पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा. तो पडदा एका बाजूला कललेला असतो. थोडा कल बहुतेकांचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. फार असला की श्वास अडतो. बाहेरचे नाकही तीन मजली आहे: वरचा तिसरा भाग हाडाचा, मधला आणि खालचा कूर्चेचा. पडदा हा या घराचा मधला खांब. खांब कलला तर छप्पर कलणारच. पडदा जिकडे, नाक तिकडे, अशा अर्थाची म्हण सर्जन लोकांत आहे. म्हणून वाकड्या नाकाला पहिला प्रश्न विचारायचा तो 'किती वाकडे' हा नाही, 'कुठल्या मजल्यावर वाकडे' हा.

दुसरी गोष्ट त्यांनी फूटपट्टी लावून दाखवली. भाचीची हनुवटीही किंचित डावीकडे आहे, आणि डावा गाल उजव्यापेक्षा अरुंद. कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. नाक गणिताने सरळ केले तर ते त्या चेहऱ्यावर उलट तिरके दिसू शकते. आणि तिसरी गोष्ट मोबाइलची. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगते. तीस सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत ते दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसते, असे २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेबाने दाखवले. त्यातून सेल्फीत अनेकदा डावे-उजवे उलटते. बाहेरच्या जगाला दिसणारे नाक तिथे नसतेच.

आता उपायांकडे. मालिशवाली बाई तान्ह्या बाळाचे नाक तेलाच्या बोटांनी ओढते, आणि 'चाफेकळी होईल' म्हणते. होत नाही, पण प्रेमाने केले तर फार बिघडतही नाही. ऑनलाइन मिळणारे नाकाचे चिमटे मात्र पैसे घालवण्यासाठीच आहेत. कूर्चा वाकवून सोडली की परत जागेवर येते, तो तिचा धर्मच आहे. मेकअपने नाकाच्या दांड्यावर उजळ सरळ रेघ ओढून दोन्ही बाजूंना सावली दिली तर फोटोपुरते नाक सरळ दिसते. यात धोका शून्य, आणि एका दिवसाच्या कामासाठी हा उपाय मला तरी अक्कलहुशारीचा वाटतो.

इंजेक्शनचा म्हणजे फिलरचा मार्ग तिला सुचवला होता. हायल्युरोनिक ॲसिडची जेली बारीक सुईने खोलगट बाजूला भरायची, म्हणजे बाक झाकला जातो. नाक सरळ होत नाही, सरळ भासते. त्यात भर घालता येते, काही कमी करता येत नाही, आणि श्वासाला त्याचा काही उपयोग नाही. काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात, ते विरू लागते. हे सगळे मान्य असेल तर वाईट काय, असे मीही म्हटले असते. पण नाकाच्या दांड्यावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जेली चुकून त्यांत गेली तर नाकाची कातडी मरू शकते, आणि क्वचित दृष्टी जाते. क्वचितच, पण गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. ही जेली विरघळवणारे औषध असते, आणि ते लगेच वापरता येईल अशा जागी, ते वापरता येणाऱ्या माणसाच्या हातूनच हे करावे. त्या क्लिनिकमध्ये भाचीने फोन करून विचारले की ते औषध ठेवता का. पलीकडच्या मुलीने विचारून सांगते म्हटले, आणि सांगितले नाही.

नाकात काहीतरी भरून ते सुधारण्याची हौस जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीने शरीरात पॅराफिन टोचून आकार देण्याची पद्धत काढली. लवकरच ते नाकांत गेले. त्याच्या गाठी होत, ते सरके, कधी रक्तात जाई. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची गाजलेली अमेरिकन सुंदरी. तिने ग्रीक पुतळ्यासारखे नाक हवे म्हणून पॅराफिन टोचून घेतले. ते पुढे खाली उतरून चेहरा बिघडला. ती मार्लबरोची डचेस झाली, पण चेहऱ्याची ती गोष्ट तिला मरेपर्यंत चिकटून राहिली.

राहिली शस्त्रक्रिया. नुसता पडदा सरळ करणे, म्हणजे सेप्टोप्लास्टी, ही श्वासासाठी. तिने बाहेरचे रूप सहसा बदलत नाही. ऱ्हायनोप्लास्टी बाहेरचे रूप बदलते. भाचीसारख्या नाकाला दोन्ही एकत्र लागतात, कारण खांब कललेला ठेवून छप्पर सरळ करण्यात अर्थ नाही. काम कधी नाकपुड्यांच्या आतूनच करतात, कधी दोन पुड्यांच्या मधल्या पट्टीवर लहानसा छेद घेऊन कातडी वर उचलून. दुसऱ्या रीतीत सगळे डोळ्यांसमोर दिसते, म्हणून फार वाकड्या नाकाला बरेच सर्जन ती पसंत करतात. हाडाचा मजला वाकडा असेल तर हाड ठरावीक रेषेवर मोडून पुन्हा बसवावे लागते. हे ऐकून भाचीपेक्षा मीच जास्त दचकले. मधल्या मजल्यात पडद्याच्या कडेला कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवतात. त्या दांड्याला सरळ धरून ठेवतात आणि श्वासाची वाटही रुंद करतात. या पट्ट्या पडद्यातूनच मिळतात. तिथे पुरेसा माल नसेल तर कानामागून किंवा बरगडीतून. सुश्रुताने गालाची कातडी घेतली, वीटकऱ्याने कपाळाची, आता कानाची कूर्चा. परक्याचे न घेता स्वतःचेच एकीकडून काढून दुसरीकडे लावायचे, ही रीत टिकली आहे.

आठवडाभर नाकावर साचा. डोळ्यांखालचे काळेनिळे दोन आठवडे. पण सूज पूर्ण उतरायला वर्ष लागते, कधी जास्तच, आणि शेंड्याची सूज सर्वांत शेवटी जाते. शिवाय कूर्चेला जुन्या वळणाची आठवण असते. ती हळूहळू थोडी परत फिरू शकते. शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते असे डॉक्टर सांगतात, आणि वाकडी नाके ही त्यांतली अवघड मानतात. "सरळ करून देतो असं मी म्हणणार नाही," आमचे डॉक्टर म्हणाले. "अधिक सरळ करून देतो." मला तो माणूस तिथे आवडला.

विम्याचेही सांगून ठेवते. श्वासासाठी पडदा सरळ करण्याचा खर्च पॉलिसीच्या अटींत बसत असेल तर सहसा मिळतो. दिसण्यासाठी केलेल्या कामाचा मिळत नाही. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच भुलेत, एकाच नाकाचे दोन हिशेब होतात. कुठली कूर्चा गरजेची आणि कुठली हौसेची, हे कागदावर ठरते.

आणि एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती आम्हाला चौदा वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर हा लेखच झाला नसता. नाकाला मार लागून ते वाकले तर सूज जरा उतरली की, मोठ्या माणसाच्या बाबतीत एक-दोन आठवड्यांच्या आत आणि मुलांच्या बाबतीत त्याहूनही लवकर, ते बोटांनी आणि साध्या हत्यारांनी जागेवर बसवता येते. नंतर हाड जुळते. आणि मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, आत पडद्यावर मऊ फुगवटा दिसला, तर थांबायचेच नाही. पडद्यात रक्त साकळलेले असते, ते त्याच दिवशी काढावे लागते. नाही तर कूर्चा मरते आणि नाक मधोमध खचते. बर्फ लावून शाळेत पाठवणे, हा सगळ्यांत महाग उपाय.

लग्न डिसेंबरात, वाकड्या नाकानेच झाले. वर्षभर सुजणारे नाक घेऊन बोहल्यावर उभे राहण्यात अर्थ नव्हता. मेकअपवाल्या बाईंनी ती उजळ रेघ ओढली. चापाची नथ डाव्या नाकपुडीवर चढली तेव्हा मी विचारले, "श्वास कोंडतोय का गं?" ती म्हणाली, "मावशी, तिकडून तसाही कुठे येत होता."

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. साडेतीन तास. सातव्या दिवशी साचा निघाला तेव्हा नाक सुजून भोपळी मिरचीएवढे झाले होते आणि तिने रडून घेतले. आता आठ महिने होत आले. रेघ आणून पाहिली तर शेंडा अजून केसभर डावीकडे आहे. डॉक्टर म्हणतात अजून चार महिने पाहू. तिचा नवरा म्हणतो, मला आधीही काही दिसत नव्हते, आणि हे तिला आवडत नाही.

पुण्यात शनिवारवाड्यापलीकडे कुंभारवेस आहे. कावसजीचे नाक घडवणाऱ्याचा तिच्याशी काही संबंध होता असे म्हणायला आधार नाही. पण मध्यंतरी भाचीला तपासणीला घेऊन जाताना रिक्षा तिथे अडकली, तेव्हा मी तिला ती हकीकत सांगितली. रोग्याचे नाव आहे, बघणाऱ्या दोन साहेबांची नावे आहेत, चित्रकाराचेही आहे. "आणि ज्याने नाक केलं त्याचं?" तिने विचारले. ते पत्रात दिलेले नाही. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तोंड मिटून झोपते मी आता," आणि सिग्नल सुटला.